चौसष्ट वेढे

९ ऑगस्ट

प्रिय गोगलगायीस,

पत्रास कारण की, फुशारकी मारायची आहे. फोनवर ती मारता येत नाही. इथला फोन वॉर्डनबाईंच्या टेबलावर आणि आपल्या दुकानातला बाबांच्या कोपराशी. दोन्हीकडे ऐकायला माणूस बसलेला. म्हणून लिहिते, आणि तूही लिहूनच उत्तर दे.

हॉस्टेलची खोली बरी आहे. दोन पलंग, दोन टेबलं, एक खिडकी. खिडकी शेजारणीच्या वाट्याला गेली, कारण ती एक दिवस आधी आली. तिचे वडील डॉक्टर आहेत. तिच्याकडे ड्रॉइंगच्या पेन्सिलींचा वेगळा डबा आहे, एकूण एक पेन्सिलीला टोक काढून ठेवलेलं. माझ्याकडे बाबांची सहा इंची स्टीलची पट्टी. ती पाहून शेजारीणबाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड." तेव्हापासून ही शेजारीण माझ्या मनातून उतरली आहे.

इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही साठ जण. निम्म्यांचे आईबाप इंजिनिअर, उरलेल्यांचे निदान काका तरी. मधल्या सुट्टीत ते आपापल्या घरच्या कारखान्यांबद्दल असं बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, दूध पाजायच्या आधी यांना स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवला असणार. पहिला आठवडा मी मूग गिळून बसले. मग मशीनच्या सरांनी सगळ्यांना एकेक पान लिहायला लावलं. तुमची पार्श्वभूमी, तुमची आवड आणि पुढे काय व्हायचं आहे. पानं त्यांनी घरी नेली आणि सोमवारी वर्गात त्यातलं एकच वाचून दाखवलं. कुणाचं, ते सांगायला नकोच. तुझ्यासाठी उतरवून पाठवते. आत्यालाही दाखव.

"माझे वडील जळालेल्या विजेच्या मोटारी बांधतात, म्हणजे आतली जळकी तार काढून नव्या तारेचे वेढे घालतात. आमचे दुकान दहा बाय बाराचे आहे. खिडकीशी एक लाकडी खुर्ची आहे. नवव्या वर्षी वडिलांनी मला त्या खुर्चीवर बसवले आणि हातात तांब्याची तार दिली. बाराव्या वर्षी मी पहिली मोटार एकटीने बांधली. मोटार काळी होऊन, जळक्या वार्निशचा वास घेऊन येते आणि चार दिवसांनी फिरत परत जाते, हे मी रोज पाहिले आहे. इतर मुले मोटार पुस्तकातून ओळखतात, मी हाताने ओळखते. मला मोटारी दुरुस्त करायच्या नाहीत, नव्या घडवायच्या आहेत. माझ्या मोटारी जळणार नाहीत."

वर्ग संपल्यावर सरांनी मला थांबवलं. त्यांचा एक गट आहे, वरच्या वर्गांतल्या सात-आठ जणांचा. ते खऱ्या मोटारींवर काम करतात. पहिल्या वर्षाच्या कुणालाही आजवर त्यात घेतलेलं नाही. लॅबच्या कोपऱ्यात एक जळालेली मोटार पडून आहे. सर म्हणाले, "ही सगळ्यांसमोर बांधून दाखव. चालली, तर तू गटात." पुढच्या महिन्यात करायचं आहे. मला दुसरं काही नको आहे, एवढं हवं आहे.

तुझी पाना


१७ ऑगस्ट

पाना,

तुझं पान मी तीनदा वाचलं. मग आईला दिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस गं?" मी म्हटलं, मी नाही. ती म्हणाली, "बरं," आणि घडी घालून परत दिलं. तिचं ते "बरं" तुला माहीत आहे.

नवव्या वर्षी खुर्चीवर तू बसलीस हे खरं. शेजारच्या स्टुलावर कोण होतं? तू तार ओढायचीस आणि मी वेढे मोजायचे. आकडा चुकला की मामा मलाच ओरडायचे, तुला नाही. बाराव्या वर्षी तू जी मोटार "एकटीने" बांधलीस, तिचे वेढेसुद्धा मीच मोजलेत, आणि तेव्हा मला ताप होता. पण असू दे. एका पानात माणसं तरी किती मावणार.

इकडचं विचारशील तर, प्रवेश परीक्षेत सहा गुण कमी पडलेल्या मुलीचं जे होतं तेच माझं झालं. आई म्हणाली घरी बसून काय करणार, मामाला मदत कर. म्हणून रोज दुकानात जाते. तुझी खुर्ची रिकामीच होती. मामा म्हणाले, "बस." बसले. दोन मोटारी बांधून झाल्या. दुसरी तर मामांनी तपासलीसुद्धा नाही, म्हणाले, "तू केलीस ना, मग झालं."

अभ्यास कर. पेन्सिलींना टोक काढत जा.

गोगलगाय


२४ ऑगस्ट

गोगलगाय आणि पोटात पाय, असं म्हणतात ते उगाच नाही.

माझी पाठ वळून महिना झाला नाही तोच तू माझ्या खुर्चीवर? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मला राग आला आहे आणि मी तो लपवत नाही. बाबांनी मला पाना म्हणायला सुरुवात केली, कारण मागायच्या आत मी पाना त्यांच्या हातात ठेवायचे. तुला गोगलगाय म्हणाले, कारण तुला पाना आणायला पाठवलं तर काम उरकल्यावर तू तो घेऊन यायचीस. आणि आता तुझी मोटार ते तपासतही नाहीत? माझी प्रत्येक मोटार ते आजवर दोनदा तपासत आले. बाराव्या वर्षीपासून दोनदा.

मला सगळं सांग. कुठल्या मोटारी होत्या? तार ओढताना बाबा तुझ्या अंगठ्याला कापडाची पट्टी बांधतात का? मला बांधायचे. खाचेत कागद घालताना ते ओठ दाबून गुणगुणतात, तसं तुझ्याशेजारी बसूनही गुणगुणतात का? हे प्रश्न मूर्खपणाचे आहेत, ते मला कळतं. तरी उत्तर दे.

इथे माझं झकास चाललं आहे. ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिली आले. ड्रॉइंगच्या बाईंनी माझा कागद भिंतीवर लावला. डॉक्टरांच्या मुलीने पेन्सिलींचा डबा वापरायला देऊ केला, मी नको म्हटलं.

खुर्चीचा डावा हात हलतो. त्यावर जोर देऊ नकोस. माझ्याकडून हे लिहायचं राहिलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे पडली असतीस.

पाना


६ सप्टेंबर

पाना,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण हातात काम होतं. आता सवड झाली म्हणून लिहिते.

हो, मामा अंगठ्याला पट्टी बांधतात. हो, गुणगुणतात. परवा म्हणाले, माझा हात तुझ्यापेक्षा हलका आहे, तार ताणली जात नाही. तिसरी मोटार पिठाच्या गिरणीची होती. चार दिवसांचं काम तीन दिवसांत झालं. आता बोल.

आणि तू कशाला जळतेस? जळायचं तर मी. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मामा सांगतात, "मुलगी इंजिनिअर होतेय." सांगताना छाती अशी काढतात की शर्टाचं बटण तुटेल. मग गिऱ्हाईक माझ्याकडे वळून विचारतं, "आणि ही?" मामा म्हणतात, "ही भाची." झालं. माझी पार्श्वभूमी, माझी आवड आणि माझं ध्येय, सगळं त्या एका शब्दात संपतं.

सहा गुण, पाना. एक प्रश्न. तो प्रश्न मोटारीचा होता आणि मला येत होता. मी सोडवत बसले, दोनदा पडताळला, आणि मागचं पान राहिलं. तुला तो आला नव्हता. तू अंदाजाने गोल काळा करून पुढे गेलीस. हे तूच मला परीक्षेहून येताना हसत हसत सांगितलं होतंस. मी त्या दिवसापासून तुला पाण्यात पाहते. आता लिहून टाकलं, बरं वाटलं.

गोगलगाय


२० सप्टेंबर

प्रिय गोगलगाय,

भांडण बाजूला ठेव. माझी फजिती झाली आहे आणि तुझ्याशिवाय ती कुणाला सांगता येत नाही.

काल लॅबमध्ये ती मोटार उघडली. सर, वरच्या वर्गाची मुलं आणि आमचा अर्धा वर्ग भोवती उभा होता. डॉक्टरांची मुलगी पुढेच. मला दाखवायचं होतं माझा हात किती चालतो. छिन्नी लावली, एका बाजूची सगळी कॉइलं सपासप कापली, दुसऱ्या बाजूने पक्कड लावून ओढून काढली. वीस मिनिटांत सगळ्या खाचा रिकाम्या. मुलं बघतच राहिली.

मोजायचं राहिलं, गोगलगाय. आधी मोजायचं, मग कापायचं, हे बाबांनी आपल्याला मुळाक्षरांआधी शिकवलं होतं. का राहिलं ते तुलाच सांगते. कापताना मी डावीकडे पाहिलं. तू आकडा सांगशील म्हणून. इतक्या वर्षांत मी स्वतः एकदाही मोजलेलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. कापलेल्या तारेची टोकं मोजली असती तरी निभावलं असतं, पण मी वळले तोवर लॅब असिस्टंटने सगळं तांबं एकत्र करून भंगाराच्या पिंपात टाकलं होतं, आणि त्या पिंपात आणखी दहा मोटारींचं तांबं होतं.

सरांना मी म्हटलं, आकडा माझ्याकडे आहे, घरी वहीत लिहिलेला आहे. बाबांच्या वहीत अशा मोटारीची नोंद नक्की असेल. माप सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. चोवीस खाचा, गाभ्याची लांबी, आतला व्यास, तारेच्या जाडीचं गेज. बाबांना विचार, पण माझं नाव घेऊ नकोस. गिऱ्हाईकाची मोटार आहे म्हण. मी न मोजता कापली हे त्यांना कळलं, तर मला त्या दुकानात तोंड दाखवायला जागा नाही.

मला फक्त एक आकडा हवा आहे. एका कॉइलला किती वेढे.

पाना


२५ सप्टेंबर

पाना,

मामांना विचारलं, तू म्हणालीस तसंच, गिऱ्हाईकाची म्हणून. त्यांनी माप पाहिलं, वही काढली.

एका कॉइलला चौसष्ट वेढे. गेज तू लिहिलंस तेच.

आकडा अक्षरात लिहिला आहे, म्हणजे वाचण्यात चूक नको. तुझ्या मोटारीला यश येवो.

गोगलगाय


११ ऑक्टोबर

गोगलगाय,

यश आलं. बारा मिनिटं टिकलं.

दहा-बारा दिवस खपले. खाचेत कागद घातले, कॉइलं गुंडाळली, प्रत्येकाला चौसष्ट वेढे, मोठ्याने मोजत. वार्निश नीट वाळू दिलं. काल सरांनी सगळ्यांना बोलावलं. बटण दाबलं आणि मोटार फिरली. टाळ्या वाजल्या. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मान वळवून डॉक्टरांच्या मुलीकडे पाहिलं, तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. तो क्षण इतका सुंदर होता की मोटारीचा आवाज जड झालाय, हे मला ऐकूच आलं नाही. मग वास आला. आपल्या दुकानातला, लहानपणापासूनचा वास. मग धूर. सरांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

सर रागावले नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी फळ्यावर सूत्र मांडलं आणि म्हणाले, "या मापाला बहात्तर ते पंचाहत्तर वेढे हवेत. चौसष्ट कुणी सांगितले?" मी म्हटलं, वडिलांनी. वरच्या वर्गातला एक जण म्हणाला, "अंदाजपंचे." सगळे हसले. सर म्हणाले, "अनुभवी माणसाचीही कधी चूक होते." आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "आता त्यांचं वय झालंय." बाबा एक्कावन्न वर्षांचे आहेत. माझ्या तोंडून ते गेलं, आणि लोकांनी माना हलवल्या, आणि मला बरं वाटलं, की चूक माझ्यावरून सरकली.

गटाचं नाव कुणी काढलं नाही. आता खरं सांगते. ड्रॉइंगमध्ये मी पहिली आलेली नाही, नापास झाले आहे. भिंतीवर कागद लागला तो डॉक्टरांच्या मुलीचा. माझ्यापाशी या वर्गात एकच गोष्ट होती, की मी बाबांची मुलगी आहे, आणि तीही मी काल सगळ्यांसमोर टाकून दिली.

बाबांचा आकडा कसा चुकला? त्यांचा आजवर चुकला नाही. त्यांना बरं आहे ना? डोळे? तू रोज शेजारी बसतेस, तुझ्या लक्षात आलं असेल. त्यांना यातलं काही बोलू नकोस. सुट्टी लागली की मी येते, आणि परत जायचा विचार नाही. खुर्ची मोकळी करून ठेव.

पाना


१५ ऑक्टोबर

पाना,

मामांना बरं आहे. डोळेही चांगले आहेत. त्यांचा आकडा चुकला नाही.

त्यांनी चौऱ्याहत्तर सांगितले होते. वहीही उघडली नाही, माप पाहून सांगितले, मग माझ्या समाधानासाठी वही उघडून दाखवली. चौऱ्याहत्तरच होते. चौसष्ट मी केले.

आता उरलेलंही ऐक. मी तुझ्या खुर्चीवर एकदाही बसलेली नाही. मी दुकान झाडते, फोन घेते, आलेल्या मोटारीला गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी बांधते. एकदा खुर्ची ओढली, तर मामा म्हणाले, "ती राहू दे, सुट्टीत पाना आली की बसेल." तीन मोटारी मी बांधल्या नाहीत. अंगठ्याला पट्टी नाही, हात हलका म्हणाले नाहीत, पिठाच्या गिरणीची मोटार त्यांनी बांधली आणि मी तिच्यावरची पिठाची पुटं पुसली. तू जळावंस म्हणून लिहिलं. तू जळलीस. मला तुझं ते चिडलेलं पत्र इतकं गोड लागलं की मी ते उशीखाली ठेवलं होतं.

मग तू आकडा मागितलास. मला डावीकडे पाहिल्याचं लिहिलंस, ते वाचून रडले, खोटं नाही सांगत. पण पुढे वाचलं तर तुझ्यासमोर अर्धा वर्ग उभा, सर उभे, आणि सगळं पुन्हा तुलाच मिळणार. इतक्या वर्षांनी मी मोजणारी होते हे तुला आठवलं, तेही अडला हरी म्हणून. मी पत्र दोनदा लिहिलं. पहिल्यात चौऱ्याहत्तर होते. ते फाडलं.

तुझी मोटार जळावी, तुझी फजिती व्हावी, एवढंच मी धरलं होतं. तू मामांचं नाव पुढे करशील हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्यांना अंदाजपंचे म्हणाले, आणि ते माझ्यामुळे. तुझं पत्र आलं तेव्हा मामा समोर बसून तार ओढत होते. मला त्यांच्याकडे पाहवेना.

तू माझ्यावर थुंकलीस तरी चालेल. कॉलेज सोडू नकोस.

गोगलगाय


२ नोव्हेंबर

पाना,

तुझं उत्तर नाही. ते येईल अशी अपेक्षा मीही धरलेली नव्हती. तरी लिहिते, कारण घडलेलं तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

मी मामांना सांगितलं. सगळं, तुझं न मोजता कापणंही, कारण ते वगळलं तर माझं सांगता येईना. वय झाल्याचं जे तू बोललीस तेवढं सांगितलं नाही. ते तुझं तू बघ.

चार दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. मी झाडायचे, ते पाय उचलायचे, एवढाच काय तो व्यवहार. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, "चौसष्टच का?"

मी म्हटलं, "चुकले मामा."

"ते कळलं. चौसष्टच का? साठ का नाही, सत्तर का नाही?"

ते डबा बाजूला सारून वाट बघत बसले. मग मी सांगितलं, सत्तर लिहिले असते तर मोटार थोडी गरम होऊन चालून गेली असती. पन्नास-पंचावन्न लिहिले असते तर सुरू होतानाच घरघरली असती, पानाला लगेच कळलं असतं, शिवाय गुंडाळतानाच कॉइल बारीक दिसलं असतं. चौसष्टला ती सुरू होणार, बराच वेळ बरी चालणार आणि मग जळणार.

"किती वेळ?"

"दहा-पंधरा मिनिटं धरली होती."

"बारा लागली ना?" मामा म्हणाले. डबा तसाच. मग म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, कुणी नाही. स्टुलावर बसून मोजायचे तेव्हा कुठल्या मोटारीला किती वेढे आणि ती पुन्हा कधी जळून आली, हे लक्षात राहायचं. मामा म्हणाले, "मी दहा वर्षं तुला आकडे मोजायला बसवलं आणि शेवटी हातात झाडू दिला. तू केलंस ते नीचपणाचं आहे, ते मी विसरणार नाही. पण एवढं ज्याला कळतं त्याच्या हातात झाडू द्यायचा, ही माझी चूक आहे." उठले, खुर्चीवरचं सामान खाली ठेवलं आणि म्हणाले, "बस."

मी जे खोटं लिहिलं होतं तेच शब्दाला शब्द खरं झालं. आणि मला खुर्चीवर बसताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज बसते. पहिलं कॉइल त्यांनी तीनदा उसवायला लावलं.

गोगलगाय


१४ नोव्हेंबर

गोगलगाय,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचून मी काय म्हणाले ते वॉर्डनबाईंनी ऐकलं आणि मला समज दिली. चार पत्रं लिहून फाडली. त्यातल्या शिव्या आता आठवत नाहीत, सुट्टीत आठवतील.

आधी माझं निस्तरलेलं सांगते. बाबांना फोन केला. वॉर्डनबाई ऐकत होत्या, ऐकू देत म्हटलं. वय झाल्याचं जे बोलले ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं वय कधी होणार?" आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच केला, जेवतेस का म्हणून विचारायला. त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सर यायच्या आधी मी उभी राहिले आणि सगळ्यांना म्हटलं, की मी न मोजता कापली होती आणि माझ्या वडिलांनी सांगितलेला आकडा चौऱ्याहत्तर होता, चौसष्ट नव्हे. सर दारातच उभे होते, त्यांनी ऐकलं. मग चौसष्ट कुठून आले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते घरचं भांडण आहे. तुला वाचवायला नाही हं. तुझं नाव घेतलं असतं तर सरांनी वाचलेल्या माझ्या पानात ते का नव्हतं, हेही सांगावं लागलं असतं.

खुर्चीबद्दल. तू खोटं लिहिलंस तेव्हा मी चिडले होते. आता खरं वाचलं. बाबा तुला "बस" म्हणाले, ते मी डोळ्यांसमोर आणून आणून पाहिलं. मी त्यांची मुलगी आहे, आणि मोटार किती मिनिटांत जळेल हे मला सांगता आलं नसतं. मला वास येईपर्यंत कळलं नाही. तुझ्या डोक्याचा मला हेवा वाटतो, आणि तू ते डोकं कशासाठी वापरलंस हे माहीत असूनही वाटतो. माझा हात चालतो, एवढंच माझं भांडवल. तुला माझ्या जागेचा हेवा वाटत असेल तर वाटू दे, आपली फिट्टंफाट झाली. कॉलेज सोडत नाही. परत आले तर बाबा मला स्टुलावर बसवतील, आणि ते मला सोसणार नाही.

आता कामाचं. सरांनी मला दुसरी मोटार दिली आहे. हिचा नुसता गाभा आहे, तार कुणीतरी कधीचीच काढून नेली, वरची माहितीची पाटीही नाही. छत्तीस खाचा आहेत. बाकी मापं सोबतच्या कागदावर, या वेळी प्रत्येक माप मी तीनदा घेतलं आहे. अठ्ठावीस तारखेला सगळ्यांसमोर सुरू करायची. चालली तर पुढच्या वर्षी गटाचा विचार करू, असं सर म्हणाले. नाही चालली तर विषय संपला, असंही म्हणाले. सूत्राने आकडा काढून देतो म्हणत होते. मी म्हटलं, नको, आमच्याकडे मोजणारी आहे.

बाबांना विचारू नकोस. तू काढ. गेज तूच ठरव. तू कळवशील तेवढेच वेढे घालीन.

पाना